एडिटरमधलं कस्टम एचटीएमएल कुठे अडवायचं, कुठे सोडायचं

देवस्थानाच्या वेबसाइटवर जत्रेचं पान असतं. त्यावर कुणीतरी हवामानाचं विजेट लावतं. फुकट मिळालेला चार ओळींचा कोड कस्टम एचटीएमएलच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एडिटरमधल्या हाताने कोड लिहायच्या चौकटीत, चिकटवला, पान प्रकाशित केलं, ढग आणि पाऊस दिसायला लागला. त्या चार ओळींतली एक ओळ मात्र परक्या डोमेनवरची स्क्रिप्ट ओढून आणते, आणि पुढच्या प्रत्येक जत्रेला ती तिथे तशीच असते. ते डोमेन उद्या विकलं गेलं, तर नव्या मालकाला तुमच्या पानावर हवं ते चालवता येतं. असं घडलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन एका चिनी कंपनीकडे गेलं आणि जूनमध्ये तिथून येणारी स्क्रिप्ट मोबाइलवरच्या वाचकांना भलत्याच साइटवर पळवायला लागली. एक लाखाहून जास्त वेबसाइटींमध्ये ती ओळ बसलेली होती.

म्हणून एडिटरमधलं कस्टम एचटीएमएल आवरायला हवं. पण ते आवरताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे फक्त बटण लपवून काम झालं असं समजणं. दुसरी म्हणजे लोक एचटीएमएल कशासाठी वापरत होते हे न बघता एका दिवसात सगळं बंद करणं. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ज्याची अडचण सुटलेली नाही तो माणूस दुसरी वाट काढतोच. तो ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागून घेतो, किंवा हेडरमध्ये कोड घालणारं एखादं प्लगिन बसवून घेतो.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात कोडमधली नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच, अधोरेषांसकट, जशीच्या तशी लिहायची.

आधी यादी करा

गोव्यातल्या छोट्या साइटींवर, म्हणजे ग्रंथालय, पंचायत, देवस्थान, होमस्टे, स्थानिक बातम्या यांच्या साइटींवर, कस्टम एचटीएमएलच्या ब्लॉकमध्ये साधारण तेच ते सापडतं. पाळोळ्याच्या होमस्टेला नकाशा हवा असतो. चवथीच्या भजनांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवरून दाखवायचं असतं. रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या वेळांचा तक्ता एक्सेलमधून आणायचा असतो. सूचना लाल पट्टीत आणि सरकती हवी असते. देणगीचं बटण हवं असतं. आणि जुन्या फाँटमधला मराठी मजकूर दिसावा म्हणून कुणी पानातच स्टाइलचा टॅग घातलेला असतो; त्याबद्दल पुढे सविस्तर.

ही यादी अंदाजाने करू नका, डेटाबेसमधून काढा. साइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर डब्ल्यूपी_पोस्ट्स या तक्त्यातल्या पोस्ट_कंटेंट स्तंभात आयफ्रेम (दुसऱ्या साइटचं पान आपल्या पानात दाखवणारी चौकट), स्क्रिप्ट, स्टाइल, फॉर्म आणि ऑब्जेक्ट या टॅगांची सुरुवात शोधा. कस्टम एचटीएमएल ब्लॉक स्वतःची खूण टिप्पणीच्या रूपात ठेवतो, डब्ल्यूपी, कोलन (:), एचटीएमएल अशी, तीही शोधा. रिव्हिजन प्रकारच्या, म्हणजे पानाच्या जुन्या प्रतींच्या, ओळी वगळा, नाहीतर एकच नकाशा चाळीस वेळा मोजला जातो. पण डब्ल्यूपी_ब्लॉक, डब्ल्यूपी_टेम्प्लेट आणि डब्ल्यूपी_टेम्प्लेट_पार्ट हे प्रकार वगळू नका. पुन्हा वापरायचे ब्लॉक आणि फुटर तिथेच राहतात. विजेटं या तक्त्यात नसतातच, ती डब्ल्यूपी_ऑप्शन्समध्ये असतात.

यादी हातात आली की बहुतेक गरजा एचटीएमएलशिवाय भागतात हे लगेच दिसतं. यूट्यूबचा दुवा स्वतंत्र ओळीवर चिकटवला की वर्डप्रेस त्याचा व्हिडिओ स्वतःच करतं, आयफ्रेम हाताने लिहावी लागत नाही. तक्त्यासाठी टेबल ब्लॉक आहे. लाल सूचनेसाठी थीममध्ये एक ब्लॉक स्टाइल नोंदवून ठेवा, मग लिहिणारा फक्त तिची निवड करेल. सरकत्या ओळीसाठी मार्की टॅग असतो, तो सोडून द्या. पायऱ्यांवर बसून मोबाइलवर वाचणाऱ्या आजोबांना सरकती तारीख वाचता येत नाही. मग उरतो नकाशा, कारण वर्डप्रेस आपोआप ओळखतं त्या सेवांच्या यादीत गूगल मॅप्स नाही. त्याच्यासाठी थोडं काम करावं लागतं.

वर्डप्रेसमध्ये किल्ली कुणाकडे असते

सगळा कारभार अनफिल्टर्ड_एचटीएमएल नावाच्या एका अधिकारावर चालतो. एकट्या साइटवर तो ॲडमिनिस्ट्रेटर आणि एडिटर या दोन भूमिकांना असतो. ऑथर आणि काँट्रिब्यूटर यांना नसतो. मल्टिसाइटवर (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइटी) तो फक्त सुपर ॲडमिनला असतो, आणि म्हणूनच एका साइटवर चालणारा कोड दुसऱ्या ठिकाणी गायब झाला अशी तक्रार येते. ज्याला हा अधिकार नाही त्याचा मजकूर जतन होताना केसेस नावाच्या गाळणीतून जातो.

आता ब्लॉक लपवण्याबद्दल. अलाउड_ब्लॉक_टाइप्स_ऑल या फिल्टरमधून (वर्डप्रेसमध्ये फिल्टर म्हणजे त्याचं वागणं आपल्या कोडने बदलायची ठरलेली जागा) परवानगीच्या ब्लॉकांची यादी परत करायची आणि तिच्यातून कोअर/एचटीएमएल गाळायचा. यात खोच अशी की हा फिल्टर ‘एवढा सोडून सगळे’ असं समजत नाही, त्याला पूर्ण यादी लागते. म्हणून सर्व्हरवर नोंदलेले सगळे ब्लॉक काढून त्यातून नको असलेले वजा करतात. पण काही प्लगिनांचे ब्लॉक फक्त जावास्क्रिप्टमध्ये नोंदलेले असतात. ते या यादीत येत नाहीत आणि एडिटरमधून मुकाट्याने नाहीसे होतात. फिल्टर लावायच्या आधी एडिटरमधल्या ब्लॉकांच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या आणि नंतर ताडून बघा.

कोअर/एचटीएमएल काढला तरी क्लासिक ब्लॉकमध्ये एचटीएमएल लिहिता येतं, त्यामुळे कोअर/फ्रीफॉर्मही काढावा लागतो. शिवाय कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि एम दाबलं की पूर्ण पान कोडच्या रूपात उघडतं, आणि प्रत्येक ब्लॉकच्या तीन ठिपक्यांत ‘एचटीएमएल म्हणून संपादन’ असतं. ब्लॉक_एडिटर_सेटिंग्ज_ऑल या फिल्टरमध्ये कोडएडिटिंगएनेबल्ड हे मूल्य फॉल्स केलं की या दोन्ही वाटा बंद होतात.

एवढं करूनही ही फक्त दिसण्यापुरती बंदी आहे. ज्याच्याकडे अधिकार शिल्लक आहे तो रेस्ट एपीआयमधून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांनी वर्डप्रेसशी बोलायच्या वाटेने, हवा तो मजकूर पाठवू शकतो; सर्व्हर एडिटरच्या बटणांकडे बघत नाही. ब्लॉक लपवण्याचा उपयोग वेगळा आहे: नवख्या माणसाने चुकून तिकडे जाऊ नये, एवढाच. तो उपयोग मोलाचा आहे, पण सुरक्षेच्या खात्यात तो जमा धरू नका.

खरी बंदी दोन रीतींनी होते. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डिसअलाउ_अनफिल्टर्ड_एचटीएमएल हे ट्रू केलं की तो अधिकार ॲडमिनिस्ट्रेटरसकट सगळ्यांचा जातो. ओळ एक, पण परिणाम दूरवर. थीममधलं अतिरिक्त सीएसएसचं खणसुद्धा याच अधिकाराला बांधलेलं आहे. तेही ॲडमिनिस्ट्रेटरला दिसेनासं होतं, आणि मग लोक तासभर थीममध्ये दोष शोधत बसतात. दुसरी रीत म्हणजे फक्त एडिटर या भूमिकेचा अधिकार रिमूव्ह_कॅपने काढणं. हा बदल डेटाबेसमध्ये लिहिला जातो. त्यामुळे तो एकदाच चालवायचा, प्रत्येक पान उघडताना नाही. आणि पुढे तुम्ही तो कोड पुसलात म्हणून अधिकार परत येत नाही, त्यासाठी ॲड_कॅप चालवावंच लागतं.

माझ्या मते छोट्या साइटीला दुसरी रीत बरी. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं एकाच्या हातात ठेवा, आणि त्या माणसाने रोजचं लेखन त्या खात्यातून करू नये. लिहायला त्याला वेगळं खातं द्या. जिथे चार जणांकडे ॲडमिनिस्ट्रेटर आहे आणि ते कमी होण्याची चिन्हं नाहीत, तिथे पहिली रीत वापरा. पण ॲडमिनिस्ट्रेटरला प्लगिन बसवता येतं तोवर तो कुठलीही गाळणी वळसा घालून पार करू शकतो. ती वाट बंद करायची तर डिसअलाउ_फाइल_मॉड्सही ट्रू करावं लागतं, आणि मग प्लगिनांचे अपडेट सर्व्हरवरून करायची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. घेणारं कुणी नसेल तर ते करू नका; जुनी प्लगिनं एचटीएमएलपेक्षा जास्त घातक.

गाळणी लावल्यावर काय मोडतं

वर्डप्रेसची गाळणी मजकूर साठवताना लागते, दाखवताना नाही. या एका गोष्टीतून दोन परिणाम निघतात.

पहिला: आज गाळणी लावली तरी जुन्या पानांवरच्या स्क्रिप्टी जिथल्या तिथे चालू राहतात. ते पान कुणी पुन्हा जतन करेपर्यंत काहीही बदलत नाही. म्हणजे सुरुवातीला काढलेली यादी घेऊन जुनी पानं हाताने साफ करावीच लागतात.

दुसरा परिणाम उलट दिशेचा आहे. ॲडमिनिस्ट्रेटरने पानावर नकाशाची आयफ्रेम लावलेली असते. अधिकार नसलेला कुणी फक्त फोन नंबर बदलायला ते पान उघडतो, एक आकडा बदलतो, ‘अद्ययावत करा’ दाबतो. नकाशा गेला. ना इशारा, ना चूक झाल्याचा संदेश. एडिटरमध्ये पान जसंच्या तसं दिसत राहतं, कारण ब्राउझरमधली प्रत अजून जुनी असते. पान पुन्हा उघडलं की ब्लॉकच्या जागी रिकामी चौकट. झटपट संपादनातून नुसतं शीर्षक बदललं तरी हेच होतं. हे टाळायला आयफ्रेम असलेली पानं आधी नव्या नकाशा ब्लॉकवर न्यायची, मगच अधिकार काढायचा. क्रम उलटा झाला असेल तर रिव्हिजनमध्ये जुनी प्रत मिळते, पण ती परत आणणाऱ्या खात्याला अधिकार हवा, नाहीतर परत आणतानाही ती गाळली जाते. रात्री आपोआप मजकूर आयात करणारी कामं क्रॉनवर चालत असतील तर तिथे कुणीच लॉग इन नसतं. तीही गाळणीतूनच जातात.

स्क्रिप्टच्या बाबतीत दिसणारं चित्र वेगळं असतं. केसेस टॅग काढते, आतला मजकूर ठेवते. मग पानावर जत्रेच्या वेळापत्रकाखाली कंस आणि अर्धविरामांनी भरलेला कोडचा परिच्छेद छापलेला दिसतो. घाबरण्याचं कारण नाही, तो आता नुसता मजकूर आहे, चालत नाही; पुसून टाका.

काही ब्लॉक मात्र ‘या ब्लॉकमध्ये अनपेक्षित किंवा अवैध मजकूर आहे’ असं म्हणतात. ब्लॉकच्या नोंदीत एक शैली लिहिलेली असते आणि गाळणीने प्रत्यक्ष टॅगमधून ती काढलेली असते. दोन्ही जुळत नाहीत म्हणून ही तक्रार. ‘पुनर्प्राप्ती’ दाबून बहुधा भागतं, पण पुढच्या जतनाला ते पुन्हा होतं. अशी कुरकुर वारंवार झाली तर त्या ब्लॉकला कोणती शैली लागते ते बघून सेफ_स्टाइल_सीएसएस या फिल्टरमध्ये ती वाढवा.

याच फिल्टरमधून काही गोष्टी काढाव्यातही. वर्डप्रेस ६.२ पासून पोझिशन आणि झेड-इंडेक्स हे गुणधर्म गाळणीतून पार होतात. काँट्रिब्यूटरसुद्धा एक पारदर्शक दुवा पोझिशन फिक्स्ड करून अख्ख्या पडद्यावर पसरू शकतो; वाचक कुठेही बोट लावो, तो तिकडेच जाणार. मजकुरात या दोहोंची गरज नसते. काढून टाका.

नकाशाचा ब्लॉक

डब्ल्यूपी_केसेस_अलाउड_एचटीएमएल या फिल्टरमध्ये आयफ्रेम घालून मोकळं होणं सोपं आहे, आणि इंटरनेटवरची बरीच उत्तरं तेच सांगतात. ते करू नका. आयफ्रेमला परवानगी म्हणजे कुठल्याही पत्त्याच्या आयफ्रेमला परवानगी. त्यापेक्षा एक छोटा ब्लॉक किंवा शॉर्टकोड (मजकुरातली चौकटी कंसातली खूण, जिच्या जागी सर्व्हर कोड भरतो) करा, जो फक्त पत्ता घेतो आणि आयफ्रेम सर्व्हरवर स्वतः बांधतो.

लिहिणाऱ्याने गूगल मॅप्समध्ये शेअर, मग ‘नकाशा एम्बेड करा’ निवडून मिळालेला तुकडा चिकटवायचा. ब्लॉकने त्यातला एसआरसीचा पत्ता तेवढा उचलायचा आणि त्याचे भाग पाडायचे. योजना (पत्त्याची सुरुवात) एचटीटीपीएस आहे का, यजमान (डोमेनचं नाव) अचूक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट गूगल डॉट कॉम आहे का, मार्ग मॅप्स/एम्बेडने सुरू होतो का, हे तिन्ही तपासायचं. ‘पत्त्यात गूगल डॉट कॉम हे शब्द आहेत का’ असं बघू नका. कुणीही आपल्या डोमेनच्या पुढे उपडोमेन म्हणून ते शब्द लावू शकतो. मोबाइलवरून शेअर केलेला छोटा दुवा आयफ्रेममध्ये उघडत नाही. तो आला तर ब्लॉकने स्पष्ट सांगावं की संगणकावरून एम्बेडचा कोड आणा. नुसतं ‘चुकीचा पत्ता’ म्हटलं तर होमस्टेचा मालक पुन्हा तोच दुवा चिकटवतो.

बाहेर पडणाऱ्या आयफ्रेमला रुंदी १०० टक्के, उंची ४०० पिक्सेल, लोडिंग लेझी आणि टायटल हे गुणधर्म द्या. टायटलमध्ये ‘नकाशा’ एवढंच नको, ‘देवळाकडे येण्याच्या रस्त्याचा नकाशा’ असं लिहा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला आत काय आहे ते त्यावरूनच कळतं. लेझी लोडिंगचा फायदा सत्तरी, सांगे, काणकोण भागात रेंज कमी असताना लगेच जाणवतो, नकाशा खाली असेल तर वरचा मजकूर अडून राहत नाही. एसआरसीडॉक हा गुणधर्म कधीच पार जाऊ देऊ नका, त्यात पूर्ण पानच लिहिता येतं. सँडबॉक्स (आतल्या पानावर बंधनं घालणारा गुणधर्म) लावत असाल तर लक्षात ठेवा: आतलं पान तुमच्याच डोमेनवरचं असेल आणि अलाउ-स्क्रिप्ट्स व अलाउ-सेम-ओरिजिन दोन्ही दिले असतील, तर आतलं पान स्वतःचा सँडबॉक्स काढून टाकू शकतं.

स्वतःची गाळणी लिहू नका

शोध-आणि-बदल वापरून स्क्रिप्ट हा शब्द उडवणं ही गाळणी नव्हे. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या सोशल नेटवर्कवर सॅमी कामकारचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा कोड, पसरला तो याच भेगेतून. मायस्पेस जावास्क्रिप्ट हा शब्द काढत होतं. त्याने त्या शब्दाच्या मधोमध नवी ओळ घातली. काही ब्राउझरांनी तो शब्द तरीही जोडून वाचला, आणि वीस तासांत दहा लाखांहून जास्त लोकांकडून त्याला मैत्रीच्या विनंत्या गेल्या. आजही चित्राला खोटा पत्ता आणि ऑनएरर (चित्र मिळालं नाही तर चालणारा कोड), एसव्हीजी चित्राला ऑनलोड (ते उघडताच चालणारा कोड), किंवा दुव्यात टॅब घालून फोडलेला जावास्क्रिप्ट शब्द, यांपैकी काही ना काही घरगुती गाळणीतून निसटतंच. स्क्रिप्ट शब्दाच्या पोटात दुसरा स्क्रिप्ट लपवला तर एकदा चाळल्यावर बाहेरचा जोडून पुन्हा तयार होतो.

नको त्याची यादी करायची नाही, हव्या त्याची करायची. त्यासाठी तयार गाळण्या आहेत: पीएचपीत एचटीएमएल प्युरिफायर किंवा सिम्फनीचा एचटीएमएल सॅनिटायझर, नोडमध्ये सॅनिटाइझ-एचटीएमएल, जावात ओवास्पचा सॅनिटायझर, ब्राउझरमध्ये डॉमप्युरिफाय. पायथनमध्ये ब्लीच अजून बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण त्याच्या कर्त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये ते कालबाह्य म्हणून जाहीर केलं; नव्या कामाला एनएच३ घ्या. टिनीएमसीई आणि सीकेएडिटर या एडिटरांच्या सेटिंगमध्ये दिलेली टॅगांची यादी लिहिणाऱ्याला शिस्त लावते, पण ती ब्राउझरमध्ये चालते. सर्व्हरची यादी वेगळी हवी आणि दोन्ही जुळलेल्या हव्यात. नाहीतर एडिटरमध्ये दिसणारी गोष्ट पानावर दिसत नाही आणि लिहिणाऱ्याचा विश्वास उडतो.

दुव्यांच्या योजना एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेलटू आणि टेल एवढ्याच. चित्रांना डेटा योजना नको. त्यातून पाच-पाच एमबीची चित्रं थेट मजकुरात शिरतात आणि डेटाबेस फुगतो.

देवनागरी मजकुरासाठी

याबद्दल इंग्रजी मार्गदर्शक सहसा काही सांगत नाहीत, आणि आपल्याकडे गाळणीने होणारं बरंच नुकसान इथे होतं.

छापखान्यातून आलेली पत्रिका श्री-लिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये असते. ती चिकटवली की पाठोपाठ फाँटचा टॅग येतो. आत खरं तर रोमन अक्षरं असतात, फाँट त्यांना देवनागरीचा वेष देतो. पाठवणाऱ्याच्या संगणकावर सगळं नीट, वाचकाच्या मोबाइलवर रोमन अक्षरांची खिचडी. मग कुणी फाँटची फाइल चढवून पानात स्टाइलचा टॅग लिहितं आणि ते दिसायला लागतं. ते पान पुन्हा जतन झालं की गाळणी तो टॅग काढते, आणि एका सकाळी दहा वर्षांच्या जत्रापत्रिका वाचता येईनाशा होतात. म्हणून अधिकार काढण्याआधी फाँट टॅग आणि या फाँटांची नावं शोधून तो मजकूर युनिकोडमध्ये आणा. परिवर्तक त्या त्या फाँटचाच हवा. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. म्हणून परिवर्तनानंतर वेलांट्या, रफार आणि ज्ञ, क्ष, ऱ्य एवढं डोळ्यांनी तपासा.

दुसरा घोटाळा न दिसणाऱ्या अक्षरांचा. काही गाळण्या ‘अदृश्य अक्षरं’ म्हणून शून्य रुंदीची सगळी चिन्हं पुसतात. युनिकोडमधलं २००बी (शून्य रुंदीची मोकळी जागा) पुसलं तर बिघडत नाही. पण २००डी म्हणजे झेडडब्ल्यूजे, अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, आणि चंद्रकोरीसारखा र काही कळपाटांवर र, हलन्त आणि हे चिन्ह मिळून बनतो. ते पुसलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे पैसे द्यायचे ते ‘आचार्यांना’ जातात. शुद्धलेखन तपासणाऱ्याला चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. उपाय असा: गाळणीच्या आधी र, हलन्त, २००डी या त्रिकुटाच्या जागी नुक्ता असलेला ०९३१ हा ऱ आणि हलन्त अशी जोडी करा, दिसायला तोच आकार येतो आणि पुसण्यासारखं काही उरत नाही. त्याशिवाय २००सी (अक्षरं जोडू न देणारं चिन्ह) आणि २००डी पुसण्याच्या यादीतून काढाच.

पीएचपीच्या डॉमडॉक्युमेंटला (एचटीएमएल वाचणाऱ्या तयार वर्गाला) एन्कोडिंग न सांगता मजकूर दिला तर तो त्याला आयएसओ-८८५९-१ समजतो. म हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं आहे. त्याच्या जागी तीन लॅटिन चिन्हं येतात, वर तिरकी रेघ असलेला ए, चार काट्यांचं वर्तुळ आणि गोलातला आर. हे त्रिकूट पानभर दिसलं की दोष इथेच समजा. मजकुरापुढे यूटीएफ-८ सांगणारी एक्सएमएलची घोषणा जोडा, किंवा पीएचपी ८.४ मधला नवा एचटीएमएलडॉक्युमेंट वर्ग वापरा.

वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात एमएसओनॉर्मल हा क्लास, एमएसओने सुरू होणाऱ्या शैली आणि मंगल फाँटचं नाव येतं. हे सगळं गाळावं. पॉइंटांत बांधलेली ओळीची उंची आली तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट आणि लेटर-स्पेसिंग हे दोन्ही गुणधर्म परवानगीतून काढले तर देवनागरी पान आपोआप बरं दिसतं.

जे गाळू नये ते म्हणजे लँग हा गुणधर्म. गोव्यात एकाच पानावर मराठी, देवनागरी कोकणी, रोमी कोकणी आणि इंग्रजी शेजारी शेजारी असतात. मराठीला एमआर, कोकणीला केओके अशी खूण असली की स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकतो, आणि चांगल्या फाँटमध्ये ल आणि श यांचं मराठी वळण येतं. खूण नसेल तर हिंदी वळण. वर्डप्रेसची गाळणी ६.० पासून लँग राहू देते. स्वतःची यादी करताना तो हाताने घालावा लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो.

दुसऱ्या प्रणाली, आणि शेवटचं कुंपण

ड्रुपलमध्ये गाळणी मजकूर दाखवताना लागते. साठवलेला मजकूर तसाच राहतो. म्हणून तिथे टेक्स्ट फॉरमॅट बदलला की जुनी पानंही लगेच सुरक्षित होतात आणि काही हरवत नाही. फुल एचटीएमएल फक्त विश्वासातल्या भूमिकेला द्या. ज्या मजकुरावर फुल एचटीएमएल लागलेलं आहे तो इतरांना संपादित करता येत नाही, रकाना बंद दिसतो. तो बिघाड नाही. जूमलात ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये टेक्स्ट फिल्टर्स आहेत, वापरकर्त्यांच्या प्रत्येक गटाला वेगळे. कुणी दोन गटांत असेल आणि त्यातल्या एकाला ‘नो फिल्टरिंग’ असेल तर त्याच्यासाठी गाळणी बंदच असते, एवढं मात्र तपासा.

गाळणीतून काही निसटलं तर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी हा हेडर (सर्व्हरने पानासोबत पाठवलेली सूचना) ब्राउझरलाच नकार द्यायला सांगतो. आधी तो रिपोर्ट-ओन्ली रूपात दोन आठवडे ठेवा आणि काय काय अडलं असतं ते नोंदींत वाचा. स्क्रिप्ट-एसआरसी सेल्फ, फ्रेम-एसआरसीत यूट्यूब आणि गूगल, ऑब्जेक्ट-एसआरसी नन इथून सुरुवात करा. बेस-यूआरआय आणि फॉर्म-ॲक्शन वेगळे लिहावे लागतात, डिफॉल्ट-एसआरसी त्यांना लागू होत नाही. प्लगिनं ओळीतच स्क्रिप्ट लिहितात म्हणून अनसेफ-इनलाइन घालण्याचा मोह होतो. स्क्रिप्टसाठी ते घातलं की या हेडरचा मुख्य फायदा गेला. नॉन्स (स्क्रिप्टला परवानगी देणारी, दर वेळी नवी असायला हवी अशी खूण) वापरत असाल आणि पानं कॅशमधून जात असतील तर सगळ्यांना तोच नॉन्स मिळतो, म्हणजे तो असून नसल्यासारखा. तिथे हॅश, म्हणजे स्क्रिप्टच्या मजकुरावरून काढलेला ठसा, वापरा. वर्डप्रेसच्या ॲडमिन भागाला हा कडक हेडर लावू नका, एडिटर बंद पडतो.

शेवटी चाचणी. प्रत्येक भूमिकेचं एकेक खातं करून एकच उतारा तिन्ही वाटांनी जतन करा: ब्लॉक एडिटर, झटपट संपादन, रेस्ट एपीआय. उताऱ्यात ऑनएरर असलेलं चित्र, ऑनलोड असलेलं एसव्हीजी, फोडलेला जावास्क्रिप्ट दुवा, एसआरसीडॉक असलेली आयफ्रेम, मेटा रिफ्रेश, बेस टॅग, परक्या पत्त्याचा फॉर्म आणि पडदाभर पसरलेला दुवा हवा. काँट्रिब्यूटरचा मसुदा ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्याने पूर्वदर्शनात उघडा. हल्लेखोराचं लक्ष्य तेच असतं, कारण तिथे ॲडमिनिस्ट्रेटरचं सत्र चालू असतं. जतन झाल्यावर एडिटरवर विसंबू नका, पानाचा सोर्स वाचा. आणि त्याच उताऱ्यात, २००डीने टंकलेले, ‘सत्तरीतल्या दऱ्या’ हे दोन शब्द ठेवा. सगळ्या गाळण्यांतून बाहेर आल्यावर त्या दऱ्याच असल्या पाहिजेत.